मोजा घालण्याची चाचणी: पुन्हा धावण्याच्या नोंदी

८ जानेवारी २०२४, सोमवार

याला प्रकल्प म्हणायचं कारण इतकंच, की 'पुन्हा धावायला लागायचं' असं नुसतं मनाशी ठरवून मी आजवर तीनदा तोंडावर आपटले आहे. तिन्ही वेळा पहिला आठवडा झकास, दुसरा त्याहून झकास आणि तिसरा अंथरुणात. यंदा वही घातली आहे.

पार्श्वभूमी एकदाच लिहून टाकते, म्हणजे पुन्हा उगाळायला नको. आजाराचं नाव अ‍ॅक्सियल स्पॉन्डिलोआर्थ्रायटिस. मणका आणि कमरेच्या मागचे सॅक्रोइलियाक सांधे यांना येणारा दाह. तो वाढून साध्या एक्स-रेवर ठळक दिसायला लागला की त्यालाच अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. माझा एक्स-रे अजून बराचसा साफ आहे, एमआरआय तसा नाही.

सुरुवात झाली ती पहाटे साडेतीनला जाग येण्यापासून. कंबर अशी धरलेली असायची की कूस बदलायला पलंगाच्या कडेचा आधार लागायचा. उठून घरात फेऱ्या मारल्या की अर्ध्या-पाऊण तासात मोकळं व्हायचं. मग मी धावायला जायचे आणि धावताना चक्क बरं वाटायचं. या बरं वाटण्यानंच सगळ्यांना चकवलं. दोन डॉक्टरांनी "धावणाऱ्यांची कंबर दुखायचीच" म्हणून विषय मिटवला. तिसऱ्यांनी हा आजार तरुण पुरुषांचा, तुमचा नव्हे, असं सांगितलं. निदान व्हायला चार वर्षं गेली. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू होणारं, रात्रीच्या उत्तरार्धात उठवणारं, पडून राहिल्यानं वाढणारं आणि हालचालीनं कमी होणारं दुखणं, ही दाहाच्या कंबरदुखीची अगदी पुस्तकी खूण. माझ्याकडे चारही गोष्टी होत्या. पण कोणी विचारलंच नाही, आणि मी फक्त "कंबर दुखते" एवढंच सांगत राहिले.

गेले पाच महिने अ‍ॅडॅलिमुमॅब चालू आहे, प्रतिकारशक्तीला आवर घालून दाह दाबणारं इंजेक्शन, दर दोन आठवड्यांनी ४० मिलिग्रॅम, शुक्रवारी. रूमेटॉलॉजिस्टांनी, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांनी, धावायला हरकत घेतली नाही. "धावा, पण मला आकडे आणून दाखवा," म्हणाले. आकडे म्हटलं की माझा उत्साह वाढतो हे त्यांनी बहुधा ओळखलं असावं.

उद्दिष्ट: न थांबता ३० मिनिटं धावणं आणि *दुसऱ्या दिवशीची सकाळ नेहमीसारखी असणं*. दुसरा भाग जमला नाही तर पहिला धरायचा नाही. अंतर मोजणार नाही. वेग तर मुळीच नाही, घड्याळातला तो रकाना बंद करून टाकला आहे.

११ जानेवारी, गुरुवार

आधाररेषा. आज फिजिओ मॅडमकडे दीड तास गेला.

आजार किती सक्रिय आहे हे मोजणाऱ्या बॅसडाय या प्रश्नावलीत सहा प्रश्न असतात आणि प्रत्येकाला शून्य ते दहा गुण. थकवा ५, मान-पाठ-कंबर ३, इतर सांधे २, दाबलं की दुखणाऱ्या जागा ३. शेवटचे दोन प्रश्न सकाळच्या ताठरपणाचे, तीव्रता ३ आणि वेळ २. त्यांची सरासरी घ्यायची. आधीच्या चारांत ती मिळवून पाचाने भागायचं. उत्तर ३.१. चार किंवा त्याहून जास्त असेल तर आजार सक्रिय समजतात. औषध सुरू करताना माझा आकडा ६.४ होता.

सीआरपी, म्हणजे रक्तातलं दाहाचं माप, ४, औषधाआधी ३१.

एका पायावर उभं राहून टाच उचलणे: उजवा २२, डावा ९. मॅडमनी भुवया उंचावल्या. डाव्या टाचेच्या मागे, जिथे अ‍ॅकिलिसची कंडरा हाडात रुजते, तिथे मला दोनदा सूज येऊन गेली आहे. कंडरा किंवा अस्थिबंध हाडाला जिथे जोडलेला असतो त्या जागेला एन्थेसिस म्हणतात, आणि या आजाराला तीच जागा विशेष आवडते. गंमत अशी की धावण्याचा सगळा भारही तिथूनच जातो.

रोजच्या मापासाठी आम्ही एक घरगुती चाचणी ठरवली. ताठरपणा 'किती वेळ' हे मोजायचं कसं, हा प्रश्न मला नेहमी पडायचा, कारण तो दिव्यासारखा बंद होत नाही, विरत जातो. म्हणून असं केलं: जाग आली की घड्याळ सुरू, आणि कशालाही न टेकता उभ्याने मोजा घालता आला की बंद. आज २५ मिनिटं. जोडीला उठल्यावर किती पावलं लंगडत टाकली तेही लिहायचं. आज १४.

१३ जानेवारी, शनिवार

एक मिनिट धावणे, दोन मिनिटं चालणे, असं आठ वेळा.

पहिल्या मिनिटाला नाडी १७१. पाचव्याला वाटलं, आता श्वास लागला, परत फिरावं. सातव्याला सगळं विसरले. आठवं संपल्यावर अजून एक करायची अशी ओढ होती की हातातल्या घड्याळाकडे पाहत जागच्या जागी उभी राहिले. केलं नाही. (नोंद घ्यावी.)

१४ जानेवारी, रविवार

मोजा २० मिनिटं. पावलं ११. कालच्यापेक्षा कमी!

२५ जानेवारी, गुरुवार

सहा वेळा धावून झालं. आता मुख्य अडचण लिहिते. धावणारी निरोगी व्यक्ती दुखलं तर एकच प्रश्न विचारते: जास्त झालं का? मला दोन विचारावे लागतात: धावल्यामुळे दुखतंय, की आजारामुळे? आणि उत्तरं उलट दिशेला नेतात. धावल्यामुळे असेल तर थांबायचं. आजारामुळे असेल तर थांबल्याने वाढायचं.

वहीतून हळूहळू एक ओळख तयार होते आहे. पोटऱ्या आणि मांड्या भरून येतात ते धावण्याचं. ते दुखणं दोन्ही बाजूंना असतं, दुसऱ्या दिवशी दुपारी जास्त जाणवतं, आणि झोपलं की शांत. आजाराचं दुखणं रात्री कामावर येतं. कधी डाव्या नितंबात खोल, कधी उजव्या, पाळी बदलल्यासारखं. पहाटे शिगेला आणि आंघोळीनंतर निम्मं. कंबर आणि नितंबांपुरतं हे गणित बरं चालतं.

टाच मात्र दोन्ही भाषा बोलते. साधी कंडरादुखीही सकाळच्या पहिल्या पावलांना टोचते आणि एन्थेसिसचा दाहही. दोन्ही जरा चाललं की सैल पडतात. मॅडमना विचारलं, "मग ओळखायचं कसं?" त्या म्हणाल्या, "एका दिवसावरून ओळखता येणारच नाही. दोन आठवडे बघा. तुम्ही न धावलेल्या दिवसांनंतरही ती तशीच दुखत असेल, तर ती धावण्याबद्दल बोलत नाहीये."

त्यांनी एका स्वीडिश अभ्यासाचा आधार दिला, २००७ मधला. अ‍ॅकिलिसच्या दुखण्यासाठी व्यायाम करणाऱ्या रुग्णांपैकी एका गटाला धावणं-उड्या चालू ठेवू दिलं होतं, अट अशी की वेदना दहापैकी पाचाच्या वर जाऊ नये, दुसऱ्या सकाळपर्यंत उतरावी आणि आठवड्यागणिक चढू नये. तो गट विश्रांती घेणाऱ्यांइतकाच सुधारला. पण ते रुग्ण साध्या कंडरादुखीचे होते, माझ्यासारखे दाहाचे नव्हेत. म्हणून मी मर्यादा पाचाऐवजी तीन धरली आहे. याला शास्त्रीय आधार नाही, फक्त भीती आहे. भीतीला तीन आकडा दिला, एवढंच.

व्यायाम: टाच उचलणे सपाट जमिनीवर. पायरीच्या कडेवरून टाच खाली सोडायची नाही, कारण त्याने कंडरा हाडावर दाबली जाते आणि माझी जागा नेमकी तीच.

२ फेब्रुवारी, शुक्रवार

इंजेक्शनचा दिवस. पेन फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवलं. गार असताना टोचलं तर मांडीला चांगलंच झोंबतं, हे अनुभवाने शिकले. या वेळी उजवी मांडी, मागच्या वेळी डावी.

वहीत एक गोष्ट दिसायला लागली आहे. इंजेक्शननंतर बाराव्या-तेराव्या दिवशी मोज्याचा वेळ वाढतो. १७-१८ जानेवारीला ३० आणि ३५ मिनिटं, परवा आणि काल ३०. मधल्या दिवसांत २० च्या आसपास. औषधाचं अर्धायुष्य सुमारे दोन आठवडे, तेव्हा शेवटी शेवटी जरा ओसरत असेल असं मनात येतं. पण दोनच फेऱ्या झाल्यात, आणि मला नक्षी शोधायची खोड आहे. तरीही इंजेक्शनआधीच्या गुरुवारी आता धावणार नाही, चालेन. तर्क चुकीचा ठरला तरी नुकसान एका दिवसाचंच.

२० फेब्रुवारी, मंगळवार

ठरलेलं होतं: दोन मिनिटं धावणे, एक मिनिट चालणे, आठ वेळा. प्रत्यक्षात काय झालं ते लिहायला लाज वाटते.

मैत्रीण भेटली. आम्ही पूर्वी एकत्र धावायचो. ती म्हणाली, "चल की थोडं बरोबर." घड्याळ बघणं बोलण्यात राहून गेलं. इंजेक्शनचा चौथा दिवस, कंबर मोकळी, श्वास लागत नव्हता, टाच गप्प. बावीस मिनिटं सलग. शेवटची तीन तर चढावर. घरी येताना मी हसत होते, अगदी मूर्खासारखी.

धावताना वेदना: ०.

२१ फेब्रुवारी, बुधवार

मोजा ५० मिनिटं. पावलं मोजली नाहीत, स्वयंपाकघरापर्यंत लंगडतच होते.

२२ फेब्रुवारी, गुरुवार

रात्री अडीचला उठले ते उठलेच. डावी टाच मागून गरम आणि सुजलेली, कडेचा खळगा भरून गेलाय. चादरीचा स्पर्शही नको. कंबर दोन्ही बाजूंनी. शिवाय तो थकवा, जो झोपेशी संबंधित नसतो. पाण्याखालून चालल्यासारखा.

परवाच्या 'वेदना ०' वर सकाळी बराच वेळ नजर खिळली होती. तो आकडा खोटा नव्हता. पण धावताना टाच काय म्हणते याला माझ्या बाबतीत काही किंमतच नाही. शरीर गरम असतं, दाह हालचालीने दबलेला असतो, आनंद असतो तो वेगळाच. टाचेचा जबाब दुसऱ्या-तिसऱ्या सकाळी येतो, आणि तोवर मी गुन्हा करून मोकळी झालेली असते.

२३ फेब्रुवारी, शुक्रवार

दवाखान्यात फोन केला. नॅप्रोक्सेन ही दाह आणि दुखणं कमी करणारी गोळी काही दिवस घ्यायला सांगितलं, जेवणानंतर, पोटाच्या गोळीसोबत. मी विचारलं, "मग पुढच्या वेळी धावायच्या आधीच एक घेतली तर?" पलीकडे क्षणभर शांतता. मग डॉक्टरांनी नीट समजावलं: एक तर ती गोळी मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करते, घाम गाळून शरीरातलं पाणी घटलेलं असताना ते धोक्याचं. दुसरं, "तुम्ही आकडे जमवताय ना? मग मोजपट्टीच कापून कशी चालेल?"

पटलं. नवा नियम वहीच्या मुखपृष्ठावर: धावण्यासाठी गोळी नाही. गोळी घेतली असेल त्या दिवशी धावणं नाही.

२८ फेब्रुवारी, बुधवार

धावणं बंद, पण पडून राहायचं नाही. रोज दोनदा वीस मिनिटं चालणं, पाठीचे व्यायाम, एकदा पोहणं. सूज उतरते आहे. मोजा ३५.

आईचा फोन. ती दर वेळी तेच विचारते आणि मी दर वेळी तेच सांगते.

"अगं, एवढं दुखतंय तर गप पडून राहा ना चार दिवस."

"आई, पडून राहिलं की जास्त दुखतं."

"असलं कुठे दुखणं असतं का?"

असतं. मलाही पहिली दोन वर्षं पटत नव्हतं. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०१८ मध्ये काढलेल्या शिफारशींत तर दाहाच्या संधिवातात शारीरिक हालचाल हा उपचाराचाच भाग मानावा असं स्पष्ट म्हटलंय. आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "त्यांना सांग, माझ्या मुलीची टाच येऊन बघा." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

९ मार्च, शनिवार

परत सुरुवात, एक-दोनवरून (एक मिनिट धावणे, दोन मिनिटं चालणे). टाच उचलणे डावा १२.

या मधल्या काळात आराखडा पुन्हा मांडला. पूर्वी मी 'आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये' हा धावपटूंमधला वेदमंत्र पाळायचे. नेदरलँड्समध्ये पाचशेहून जास्त नवशिक्यांवर त्याची परीक्षा झाली होती, निकाल २००८ मध्ये आले. एका गटाने दहा टक्क्यांच्या बेताने १३ आठवडे तयारी केली, दुसऱ्याने नेहमीच्या पद्धतीने ८ आठवडे. दुखापतींचं प्रमाण २०.८ आणि २०.३ टक्के. म्हणजे फरक नाहीच. ते सगळे मुळात निरोगी होते. माझ्यासारखीला तर टक्क्यांचा आणखीच उपयोग नाही, कारण माझी क्षमता आठवड्याला वाढत नसते. ती वर-खाली झुलते.

म्हणून आता वाढ कॅलेंडरवर नाही. लागोपाठ तीन धावांनंतर मोजा २५ च्या आत आणि टाच ३ च्या आत राहिली, तरच पुढची पायरी. नाहीतर तीच पायरी. दोन सकाळी सलग ४० च्या वर गेल्या तर एक पायरी खाली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची: वेळ वाढवली तर चढ नाही, चढ घेतला तर वेळ तीच.

१९ मार्च, मंगळवार

पावलांची गती मोजली, मिनिटाला १५८. १६६ वर आणायचा प्रयत्न. मिनिटाला पावलं पाच-दहा टक्क्यांनी वाढवली, म्हणजे आखूड टाकली, तर गुडघ्यावरचा आणि खुब्यावरचा भार कमी होतो, हे प्रयोगशाळेत मोजून दाखवलेलं आहे. पण एक मेख आहे. आखूड पावलांच्या नादात मी चवड्यांवर उतरायला लागते, आणि मग भार पोटरीवर आणि अ‍ॅकिलिसवर. फिजिओ मॅडमनी मागून व्हिडिओ काढून दाखवला. मी स्वतःला हरिणीसारखी धावणारी समजत होते. व्हिडिओत कोणीतरी ओल्या फरशीवर बिचकत चालल्यासारखं दिसत होतं.

बूटही बदलले. चवड्यापेक्षा टाच दहा मिलिमीटर उंच असलेले. सपाट बूट माझ्या कंडरेला ताणतात.

२६ मार्च, मंगळवार

ताप, घसा. प्रतिजैविक सुरू. या औषधावर असताना संसर्ग अंगावर काढायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून बजावलेलं. शुक्रवारचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून एक आठवडा पुढे, ५ एप्रिलला. वही मिटली.

८ एप्रिल, सोमवार

सकाळी उजवा डोळा लाल. वाटलं काहीतरी गेलं असेल. दुपारी खिडकीकडे बघवेना, डोळ्याच्या आत बोथट दुखणं, अक्षरं धुरकट. नशीब की हे होऊ शकतं हे माहीत होतं. या आजाराच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या रुग्णांना कधी ना कधी डोळ्याच्या पुढच्या भागाचा दाह, युव्हायटिस, होतो. 'डोळे आलेत' म्हणून घरगुती उपाय करत बसलं तर बाहुलीचा पडदा मागच्या भिंगाला चिकटू शकतो. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे गेले. स्टिरॉइडचे थेंब दर तासाला, आणि बाहुली मोठी ठेवणारे दुसरे थेंब.

नवऱ्याने गाडी चालवली आणि वाटेत एकच विचारलं, "हे धावण्यामुळे का?"

नाही. निदान माझी वही तरी तसं म्हणत नाही, तीन आठवड्यांत मी जेमतेम चारदा धावले. मग इंजेक्शन लांबल्यामुळे? हाही प्रश्न मी रूमेटॉलॉजिस्टांना विचारला. ते म्हणाले, "असेलही. एका घटनेवरून मी सांगणार नाही आणि तुम्हीही वहीत तसं लिहू नका." लिहिलेलं खोडलं.

१३ एप्रिल, शनिवार

बाहुली मोठी असल्याने अंतराचा अंदाज चुकतो. पायरी उतरताना दोनदा पाऊल हवेत पडलं. रस्त्यावर धावायचा विचार सोडला. घरात पाठीचे व्यायाम आणि टाच उचलणे, पडदे ओढून. मुलीने विचारलं, "आई, तू वटवाघूळ झालीस का?"

२७ एप्रिल, शनिवार

थेंब कमी करत आणले आहेत, डोळा शांत. एक-दोनवर परत, तिसऱ्यांदा. या वेळी वाईट वाटलं नाही, उलट कंटाळा आला. कंटाळा ही प्रगती आहे का, कोण जाणे.

१४ मे, मंगळवार

तीन-एकची पायरी, सहा वेळा. मोजा गेले नऊ दिवस २० च्या आत.

दम आता लागतच नाही. हीच खरी घसरण्याची जागा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत जुनी आठवण काढून कामाला लागतात, कंडरेला महिने लागतात. आधीच्या तिन्ही वेळा मी हृदयाचं ऐकून टाचेचा हिशेब केला होता. फेब्रुवारीतही तेच. आता धावून झाल्यावर उरलेली ताकद कुठे घालवायची म्हणून पाच मजले जिने चढते. जिना टाचेला चालतो, पूर्ण पाऊल टेकवून चढला तर.

१ जून, शनिवार

दहा मिनिटं सलग, दोनदा, मध्ये दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या सकाळी काय होतं ते बघू.

२ जून, रविवार

मोजा १५. पावलं ६. टाच १.

१२ जून, बुधवार

डॉक्टरांची भेट. सीआरपी ३, बॅसडाय २.२. मी पाच महिन्यांचा आलेख छापून नेला होता, रंगीत, चार रेषा. त्यांनी तीन रेषांवरून नुसती नजर फिरवली आणि मोज्याच्या रेषेवर बोट ठेवलं. "हा फेब्रुवारीतला डोंगर काय?" सांगितलं. "आणि हे बारीक कंगवे?" बाराव्या-तेराव्या दिवसाचे. अकरा फेऱ्यांपैकी आठमध्ये दिसतात. त्यांनी नोंद करून घेतली. लगेच काही बदलायला नको, पण कंगवे उंच व्हायला लागले तर औषधाची रक्तातली पातळी तपासू, म्हणाले.

मी एमआरआय पुन्हा काढायचा का विचारलं. त्यांनी नको म्हटलं, आणि कारण मला फार आवडलं. निरोगी हौशी धावपटूंच्या सॅक्रोइलियाक सांध्यांचे एमआरआय काढले, तर त्यातल्या जवळपास एक-तृतीयांश लोकांत हाडाच्या मगजाला आलेली सूज दिसते, आजाराच्या व्याख्येत बसेल इतकी. नुसत्या धावण्याच्या भाराने. २०१८ च्या एका अभ्यासातली गोष्ट. म्हणजे मी आता धावत असताना चित्र काढलं आणि सूज दिसली, तर ती कोणाची, हे चित्र सांगणार नाही. माझ्या निदानाला चार वर्षं का लागली त्याचा एक तुकडा इथेही असणार. सगळाच दोष त्या तीन डॉक्टरांचा नव्हता तर. दोन-तृतीयांश म्हणू.

टाच उचलणे: उजवा २४, डावा १८.

२७ जून, गुरुवार

उद्या इंजेक्शन. चालले. मोजा ३०.

२ जुलै, मंगळवार

चोवीस मिनिटं सलग. मैत्रीण बरोबर होती. तिला आधीच सांगून ठेवलं होतं, चोविसाव्या मिनिटाला मी थांबणार, तू पुढे जा. घड्याळ वाजलं, मी थांबले, ती चार पावलं पुढे जाऊन वळली आणि माझ्याबरोबर चालायला लागली. तिचा त्या दिवशीचा सराव त्यामुळे बुडाला. ती काही बोलली नाही, मीही नाही.

१६ जुलै, मंगळवार

तीस मिनिटं.

सपाट रस्ता, पावलं १६५, सतराव्या मिनिटाला डाव्या टाचेत एक चुणचुण, एकोणिसाव्याला गेली. शेवटची पाच मिनिटं अजिबात सुंदर नव्हती, बुटाची नाडी सैल झाली होती आणि मला थांबून बांधायची नव्हती. वेदना: १. पण हा रकाना आता फक्त सवय म्हणून भरते.

संध्याकाळी मुलीने विचारलं, "मग झालं का पूर्ण?" म्हटलं, उद्या सांगते.

१७ जुलै, बुधवार

पावणेसहाला जाग, आपोआप. रात्री एकदाही उठले नाही. घड्याळ सुरू केलं. पावलं ८. आठव्या मिनिटाला पहिला प्रयत्न, तोल गेला, भिंत धरली. चौदाव्याला दुसरा, टाचेपर्यंत आला आणि अडकला. अठराव्या मिनिटाला मोजा पायात. टाच २, गरम नाही, सूज नाही, खळगा दिसतोय.

गुरुवारी २०. तीस परत शनिवारी, उद्या आणि परवाची सकाळ काय म्हणते त्यावर.